एलएलएमच्या प्रवेशाचे निर्णय : एक ऑफर हातात, दोन ठिकाणी शांतता

प्रश्न (वाटपाहणारी)

नमस्कार. पुढील शैक्षणिक वर्षासाठी मी कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना चार ठिकाणी अर्ज केले आहेत. त्यांपैकी एका ठिकाणाहून नकार आला. दुसऱ्या विद्यापीठाने अंतिम वर्षाच्या गुणांच्या अटीवर प्रवेश देऊ केला असून, अनामत भरून जागा निश्चित करण्यासाठी तीन आठवड्यांची मुदत दिली आहे. ज्या दोन ठिकाणी मला मनापासून जायचे आहे, म्हणजे ऑक्सफर्डचा बीसीएल (बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ) आणि केंब्रिजचा एलएलएम, तेथून मात्र अद्याप एक अक्षरही आलेले नाही. ऑक्सफर्डची जानेवारीतील मुदत संपून आता सात आठवडे झाले आहेत.

माझ्या वर्गातील एकीला यांपैकी एका ठिकाणचा प्रवेश गेल्या आठवड्यातच मिळाला, त्यामुळे आपल्याला नकारच येणार आणि तो केवळ सावकाश येणार, असे मला वाटू लागले आहे. या शांततेचा तसा अर्थ घ्यावा का? प्रवेश कार्यालयाला विचारणा करणारे पत्र पाठवले तर ते उतावीळपणाचे दिसेल का? आणि अर्ज केल्यानंतर माझा एक लेख प्रकाशनासाठी स्वीकारला गेला आहे, तो आता कळवण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर १ (जुनाअर्जदार)

शांततेचा अर्थ लावू नका, कारण निर्णय कळवण्याची पद्धत प्रत्येक ठिकाणी निराळी असते. काही विद्यापीठे अर्ज जसे येतील तसे वाचतात आणि जागा संपेपर्यंत प्रवेश देत राहतात. तेथे लवकर अर्ज करणाऱ्याला लवकर उत्तर मिळते आणि उशिराच्या शांततेची काळजी वाटणे समजण्यासारखे आहे. इतर ठिकाणी मुदत संपल्यावर सगळे अर्ज एकत्र तोलले जातात. ऑक्सफर्डमध्ये मुदतीनंतर निर्णयाला साधारण आठ ते दहा आठवडे लागतात, हे लक्षात घेतले तर तुमचे सात आठवडे म्हणजे अजून उशीर झालेलाच नाही. (बीसीएलच्या नावात ‘बॅचलर’ असले तरी ती पदव्युत्तर पदवी आहे, हे घरच्यांना समजावण्यात माझा त्या वर्षीचा बराच वेळ गेला.)

केंब्रिजच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तेथे विधी विद्याशाखेने शिफारस केली म्हणजे काम संपत नाही. ती शिफारस पदवी समितीकडे जाते, तिच्या मान्यतेनंतर विद्यापीठाचे पदव्युत्तर प्रवेश कार्यालय कागदपत्रे तपासून औपचारिक पत्र काढते, आणि विद्यापीठातील एखाद्या कॉलेजचे सदस्यत्व मिळण्याचा टप्पा त्याच्याही पुढचा असतो. त्यामुळे प्राध्यापकांच्या टेबलावर झालेला निर्णय आणि तुमच्या हाती पडणारे पत्र यांच्यात बरेच दिवस जाऊ शकतात, आणि एकाच दिवशी निवडलेल्या दोघांना वेगवेगळ्या दिवशी कळणेही शक्य असते. मैत्रिणीच्या पत्रावरून स्वतःचा निकाल काढू नका.

लेखाविषयी मात्र माझे मत नकारार्थी आहे. एकदा सादर केलेला अर्ज तपासणाऱ्यांकडे गेल्यानंतर त्यात भर घालू देण्याची पद्धत सहसा नसते, आणि एका लेखाने पारडे फिरेल असेही मला वाटत नाही.

उत्तर २ (तिसरेपत्र)

विचारणा करण्याआधी पोर्टलवर जाऊन अर्ज खरोखर पूर्ण आहे का ते पाहा. ‘सादर झाला’ आणि ‘पूर्ण झाला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक मला फार महागात पडला. माझ्या एका अर्जाच्या पानावर सर्वांत वर ‘अर्ज सादर’ असे लिहिलेले होते आणि शेजारी हिरवी खूण होती, म्हणून मी निश्चिंत होते. पाच आठवड्यांनंतर सहज खाली सरकवून पाहिले, तर बारीक अक्षरात ‘शिफारसपत्रे : ३ पैकी २’ असे दिसले. ज्या सरांचे पत्र आलेले नव्हते ते मधल्या काळात निवृत्त झाले होते. मी त्यांचा महाविद्यालयाचा जुना ईमेल पत्ता दिला होता आणि विद्यापीठाची विनंती त्या बंद पडलेल्या पेटीत जाऊन पडली होती. सरांना फोन केला तेव्हा त्यांनी त्याच संध्याकाळी पत्र पाठवले, पण तोवर जागा भरल्या होत्या. चूक माझीच होती.

ऑक्सफर्डला तीन शिफारसपत्रे लागतात, तेव्हा तिन्ही पोहोचली आहेत ना, एवढे आजच पाहा. अमेरिकेतील विद्यापीठांना एलसॅकमार्फत (कायद्याच्या प्रवेशांचे अर्ज हाताळणाऱ्या तिथल्या संस्थेमार्फत) अर्ज करणाऱ्यांनीही हेच करावे, कारण तेथे गुणपत्रके आपल्या महाविद्यालयाकडून किंवा विद्यापीठाकडून थेट जावी लागतात आणि ती पोहोचेपर्यंत अर्ज पुढे सरकत नाही.

उत्तर ३ (मुदतवाढ)

माझ्या मते तुमची खरी अडचण त्या तीन आठवड्यांची आहे. म्हणून पहिले पत्र ऑक्सफर्ड-केंब्रिजला न पाठवता, ज्यांनी प्रवेश दिला आहे त्यांना पाठवा. प्रवेशाबद्दल आभार मानावेत, अभ्यासक्रमात रस कायम असल्याचे सांगावे, आणखी निर्णयांची प्रतीक्षा असल्याने अनामतीची मुदत अमुक तारखेपर्यंत वाढवून मिळेल का, असे विचारावे. तारीख नेमकी द्यावी. ‘थोडी मुदत’ मागितली की उत्तरही तसेच मोघम येते. अशी विनंती केल्याने दिलेला प्रवेश काढून घेतला जात नाही, प्रवेश कार्यालयांना त्याची सवय असते.

त्यानंतर उरलेल्या दोन ठिकाणी तीन-चार वाक्यांचे पत्र पाठवावे. त्यात अर्ज क्रमांक द्यावा, आपल्याला दुसरीकडे अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचे आहे हे सांगावे, आणि त्याआधी निर्णय कळण्याची शक्यता आहे का, इतकेच विचारावे. हा उतावीळपणा ठरत नाही. दर चार दिवसांनी तेच पत्र पुन्हा पाठवले, तर मात्र ठरतो. मुदतवाढ मिळाली नाही, तर अनामत केव्हा परत मिळते ते वाचा. व्हिसा नाकारला गेला किंवा प्रवेशाची अट पूर्ण झाली नाही तर परतावा देणे आणि केवळ मन बदलले तर न देणे, असा नियम अनेक ठिकाणी आढळतो.

उत्तर ४ (दोनहजारआठशेतास)

पहिल्या उत्तरातील लेखाविषयीचे मत मला सरसकट पटत नाही. निर्णय बाकी असताना ते बरोबर आहे, पण प्रतीक्षायादीत नाव आले तर परिस्थिती बदलते. तेव्हा अनेक विद्यापीठे अद्ययावत माहिती स्वीकारतात आणि एका पानाचे पत्र, त्यात स्वीकारलेला लेख आणि नवे गुण, उपयोगी पडू शकते. तोपर्यंत लेख जपून ठेवा.

दुसरे असे की शिष्यवृत्तीचे वेळापत्रक प्रवेशाच्या वेळापत्रकाशी जुळेलच असे नाही, आणि याचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी तीन अभ्यासक्रम निवडावे लागतात आणि जुलैमधील मुदतीपर्यंत त्यांपैकी किमान एकाचा विनाअट प्रवेश हातात असावा लागतो. (तिथे २,८०० तासांचा कामाचा अनुभवही लागतो, त्यामुळे शिकत असणाऱ्यांनी तिच्यावर भिस्त ठेवू नये.) सशर्त प्रवेश असणाऱ्यांनी अंतिम गुणपत्रक केव्हा मिळेल आणि इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षांच्या वैधतेत बसतो का, हे या रिकाम्या आठवड्यांतच पाहून घ्यावे. अट पूर्ण करायला लागणारा वेळ आपण नेहमी कमी धरतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर (वाटपाहणारी)

सर्वांचे मनापासून आभार. सर्व शिफारसपत्रे दोन्ही ठिकाणी पोहोचली आहेत, हे काल रात्री पाहिले. मुदतवाढीचे पत्र सकाळी पाठवले आणि दुपारपर्यंत दोन ओळींचे उत्तर आले : मागितले होते तीन आठवडे, मिळाले दहा दिवस. अनामतीचे नियम आज प्रथमच शेवटपर्यंत वाचले. मन बदलल्यास परतावा नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे, आणि कायद्याची विद्यार्थिनी असूनही मी ते न वाचताच पैसे भरायला निघाले होते, हे येथे कबूल करते.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला उद्या एकेक पत्र जाईल. लेख सध्या बाजूला ठेवला आहे.