शोकेस हवी की गल्ला?

नौपाड्याची_भाजणीवाली
परवा इथेच एका डिझायनरसाहेबांनी लिहिलं होतं, 'घरगुती धंद्याची वेबसाइट म्हणजे दुकानाची शोकेस. आधी गिऱ्हाईक भुललं पाहिजे, किंमत-बिंमत मागाहून.' तेव्हापासून डोकं तडतडतंय.

मी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला विकते. गेल्या वर्षी मीही भुलवायला गेले. वर सरकणारे पाच फोटो, मागे परातीत पडणाऱ्या पिठाचा व्हिडिओ. घरच्या वायफायवर झकास! मावसबहिणीने ठाण्याला वाशी लोकल पकडून उघडली; दिघा गेलं, ऐरोली आलं, पडदा पांढराच. एकेक फोटो ४ एमबीचा होता. गूगलच्या मते पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा. इथे अख्खी खाडी ओलांडून झाली.

व्हिडिओ हाकलला, फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये १५० केबीवर आणले. सगळ्यात वर तीनच गोष्टी: अर्ध्या किलोचा भाव, कुरियरचा खर्च, पिनकोडची चौकट. ऑर्डरी त्यानंतर सुरू झाल्या. भुलवणं गेलं चुलीत.

पिक्सेलपंडित
ते साहेब मीच. ४ एमबीचा फोटो चढवणं हा अडाणीपणा, त्याचं खापर सौंदर्यावर का?

खारघरच्या एक बाई पैठणीचे ब्लाउजपीस विकतात. फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढलेले. साइटवर मोरपंखी, हातात पडलं की निळं. परत आलेल्या पार्सलांनी त्यांचा दिवाण भरला होता. आम्ही खिडकीतल्या उजेडात पुन्हा फोटो काढले, काठाचा जवळून एक घेतला, परतावे थांबले. भाजणी काय, कशीही दिसली तरी तपकिरीच.

नेरूळचा_नाना
फोटो, वेग सगळं ठीक. आधी साइटवरचं मराठी मराठीसारखं दिसू द्या! जिथे बघावं तिथे हिंदी वळणाचा 'ल' आणि 'श'. नोव्हेंबर २०२२ मध्ये शासन निर्णय निघाला, मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श लिहायचा. कुणाला पत्ता आहे का?

पिक्सेलपंडित
नाना, पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी नोंदवली आणि फॉन्टमध्ये सोय असली की अक्षर आपोआप बदलतं. नाहीतर 'तिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट फुकट आहे. पण 'ल' बघून मसाला घेणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय.

नेरूळचा_नाना
भेटलं की. ल चुकला तर मी घेत नाही.

एपीएमसी_रिटर्न
हसू येतंय. देवनागरीत शोधतं कोण? आमच्याकडे लोक 'कांदा लसूण मसाला' इंग्रजी लिपीत टंकतात, तेही प्रत्येक जण वेगळ्या स्पेलिंगने. देवनागरीत लिहिणाऱ्यांचं तर विचारूच नका. 'मेतकुट' टाकलं की 'वस्तू सापडली नाही', कारण साइटवर 'मेतकूट'. मी दोन्ही लिहून ठेवलंय.

नेरूळचा_नाना
म्हणजे चुकीचं शुद्धलेखन दुकानात मांडून ठेवायचं? ३१ वर्षं शाळेत शिकवलं मी, ते यासाठी?

एपीएमसी_रिटर्न
मांडत नाही, शोधाच्या शब्दांत आत दडवून ठेवतो. आणि गिऱ्हाइकाला छडी मारायची सोय अजून आलेली नाही, गुरुजी.

नौपाड्याची_भाजणीवाली
अहो, धागा माझा आहे! ल-श साठी वेगळा काढा.

घोडबंदरचा_अडकलेला
सगळेच सोवळे बनू नका. कासारवडवलीच्या सिग्नलला बसून पणत्या मागवत होतो. २४० रुपये म्हणत म्हणत ओटीपी टाकायच्या आधी ३१५. 'पॅकिंग' आणि कुठलीशी 'देणगी', टिकमार्क आधीच केलेला. २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत याला साफ मनाई आहे. 'फक्त २ शिल्लक' असली खोटी घाईसुद्धा त्यातच येते. पंडित, तुमच्या साइट्सवर ती पाटी किती महिने असते?

पिक्सेलपंडित
मालक सांगतो तसं करावं लागतं.

घोडबंदरचा_अडकलेला
मग तो ४ एमबीचा फोटोही मालकाच्याच माथी मारा. अडाणी कोण ते तुम्हीच ठरवा.

पिक्सेलपंडित
व्यक्तिगत जायचं कारण नाही. पाटी काढतो, झालं समाधान? आणि ताई, तुमची साइट पाहिली. वेग उत्तम. पण फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरं! चष्मा लावूनही भाव दिसेना.

नौपाड्याची_भाजणीवाली
तो हळदीचा रंग आहे.
...बरं, उन्हात गच्चीवर फोन धरून बघितलं. दिसत नाही. बदलते. आणि नाना, 'लसूण चटणी'तला ल हिंदीचाच निघाला, तोही बदलते. आता तरी अर्धा किलो घ्याल?

नेरूळचा_नाना
मघाशीच घ्यायला गेलो होतो. आमच्या नेरूळचं ४००७०६ टाकलं, तर साइट म्हणते 'या भागात सेवा नाही'. 'सेवा'तला स मात्र छान आहे.