सीबीसीटीवर फुप्फुसातलं इन्फेक्शन कसं ओळखायचं?

लिनॅक_टेक:
फुप्फुसाच्या पेशंटचा सीबीसीटी (रेडिएशन देण्याआधी मशीनवरच काढलेला कोन-बीम सीटी स्कॅन) आम्ही पोझिशन जुळवण्यापुरताच बघतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कधी कधी आधी नसलेला पांढुरका भाग दिसतो. तो इन्फेक्शन, कोलॅप्स (फुप्फुसाचा भाग आकसणं) की नुसता ब्लर (श्वासामुळे आलेला धूसरपणा), हे कसं ठरवायचं? डॉक्टरांना कधी बोलवायचं?

फिजिक्सवाला:
आधी विंडो (चित्राच्या काळ्या-पांढऱ्या छटांची सेटिंग) बदला. सॉफ्ट टिश्यू विंडोत फुप्फुस काळंठिक्कर दिसतं, फिकट डाग गायब. रुंदी १५००, मध्य उणे ६०० च्या आसपास ठेवा. मॅचिंगच्या चौकटीबाहेर, दुसऱ्या फुप्फुसातही नजर फिरवा. तिकडे सहसा कोणी बघतच नाही. तुलना सुरुवातीच्या प्लॅनिंग सीटीइतकीच कालच्या-परवाच्या सीबीसीटीशी करा. स्कॅनला साधारण मिनिटभर लागतो, तेवढ्यात पेशंटचे बरेच श्वास होतात. म्हणून डायफ्रॅमजवळचे (श्वासपटलाजवळचे) पुसट पट्टे नेहमीचेच. रोज तिथेच, तसेच असले तर ब्लर. एचयूच्या (सीटीवरच्या घनतेच्या) आकड्यांवर मात्र विसंबू नका, स्कॅटरमुळे (विखुरलेल्या किरणांमुळे) ते चुकतात.

आरओ_निवासी:
मुख्य श्वासनलिका कुठे सरकली ते बघा. कोलॅप्समध्ये ती त्याच बाजूला ओढली जाते, फुप्फुसाभोवती पाणी खूप साठलं तर विरुद्ध बाजूला ढकलली जाते. इन्फेक्शनमध्ये बहुधा जागेवरच राहते. पण गाठीने ब्रॉंकस (श्वासनलिकेची फांदी) अडवला असेल तर कोलॅप्स आणि इन्फेक्शन दोन्ही एकत्र असू शकतात, तिथे चित्रावरून निकाल लागत नाही.
रेडिएशन न्यूमोनायटिस (रेडिएशनमुळे फुप्फुसाला येणारी सूज) सहसा ट्रीटमेंट संपल्यावर १ ते ३ महिन्यांनी येतो आणि डोस गेलेल्या भागातच उमटतो. दुसऱ्या आठवड्यात, बीमबाहेर दिसलेला डाग त्या नावाखाली खपवू नका.
नवा डाग दिसला की बीम सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन. मग तपासायचं: ताप, धाप, ऑक्सिजन, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (सूज दाखवणारी रक्तचाचणी) आणि गरजेप्रमाणे डायग्नॉस्टिक सीटी. केमो चालू असेल तर जास्त सावध: न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी असले की सावली फिकट पडते आणि स्टेरॉइडने ताप दबतो. न्यूट्रोफिल मायक्रोलिटरला ५०० च्या खाली आणि ताप, तर स्कॅनसाठी थांबायचंच नाही, ती इमर्जन्सी आहे.

फिजिक्सवाला:
भर घालतो. डागामुळे गाठ सरकली असेल तर हाडांवर जुळवून पुढे जाऊ नका, प्लॅन पुन्हा तपासायला लागेल. प्रोटॉन रेडिएशनमध्ये तर घनता बदलली की रेंजच (किरण किती खोल जातात ते) बदलते.

लिनॅक_टेक:
हेड-नेकच्या (डोकं-मानेच्या कॅन्सरच्या) पेशंटनाही हेच लागू?

आरओ_निवासी:
फारसं नाही. तिथे स्कॅनमध्ये फुप्फुसांची वरची टोकंच येतात. ठसका लागून अन्न श्वासनलिकेत गेलं तर इन्फेक्शन बहुधा खालच्या लोबमध्ये, म्हणजे चित्राबाहेर. जेवताना ठसका, ओला खोकला, ताप हे रोज विचारा. सीबीसीटी स्वच्छ दिसला म्हणून छातीचा एक्स-रे टाळू नका.