बी विंग ग्रुप, खारघर : ७०३ चा एसी

७०३ काकू : नमस्कार. हॉलमधला एसी कालपासून आतल्या बाजूने गळतोय. खाली टब लावलाय, भिंतही ओली झाली. गार तर अजिबात करत नाही. सकाळी एसीवाला येऊन गेला, म्हणे गॅस संपलाय, भरावाच लागेल. आमच्या यांना दमा आहे, त्यात हा मे महिना. कुणाकडे खात्रीचा माणूस आहे का?

६०३ : काकू, घरात गळायला लागल्यावर जाणवलं ना? आमच्या खिडकीवर तुमच्या एसीचं पाणी कधीपासून पडतंय. ग्रिल गंजली. फोटो परत टाकते.
[फोटो]

७०३ काकू : तो विषय मागेच मिटलाय. तुमच्या समोरच पाइप वळवून घेतला होता.

६०३ : वळवला म्हणून आता वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं.

सेक्रेटरी : कृपया वैयक्तिक वाद इथे नको 🙏 ड्रेन पाइप डक्टमधल्या लाइनलाच जोडायचे, हे मीटिंगमध्ये ठरलेलं आहे.

११०१ : काकू, गॅस इतक्यात भरू नका. तो पेट्रोलसारखा संपत नाही, बंद पाइपांत तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. लीक न शोधता भरला तर पैसे वाया. मेन स्विच बंद करून पुढचं झाकण उघडा. आतल्या नळ्यांच्या जाळीवर, म्हणजे कॉइलवर, बर्फ आहे का? सगळीकडे, की एका टोकालाच?

८०४ : बर्फ असेल तर वर पाठवा काकू, पन्हं केलंय 😄

३०२ : पन्ह्यात वेलची की केशर?

६०३ : इथे ग्रिल गंजतेय आणि तुम्हाला पन्हं सुचतंय.
[फोटो]

७०३ काकू : दादा, बर्फ आहे! सगळीकडे पांढरा थर.

११०१ : मग पहिला संशय फिल्टरवर. तो धुळीने भरला की कॉइलवरून हवा फिरत नाही. कॉइल शून्याखाली जाते, आपल्याकडच्या हवेतला दमटपणा तिथेच गोठतो आणि हवा आणखी अडते. एसी बंद केला की तोच बर्फ वितळतो, ट्रेमध्ये मावत नाही, भिंतीवरून उतरतो. कूलिंग बंद ठेवा, नुसता फॅन चालवा, बर्फ पूर्ण जाऊ दे. फिल्टर नळाखाली धुवून सावलीत वाळवा. पाणी बोर्डाच्या जवळ येत असेल तर एमसीबी पाडा, आधी ते बघा.

३०२ : एसीचं बाहेरचं युनिट, आउटडोरपण बघा. कबुतरांनी घरटं केलं असणार. ९०१ मधून रोज दाणे पडतात.

९०१ आजोबा : मुक्या जिवांना दाणे घालणं मी बंद करणार नाही.

३०२ : हा संदेश हटवला गेला

९०१ आजोबा : वाचला मी.

सेक्रेटरी : कृपया 🙏

११०१ : काकू, वळवलेला पाइप बाहेर मध्येच वर चढलाय का? पाणी चढावर जात नाही, ते मागे फिरून घरातच येणार.

७०३ काकू : हो, ग्रिलवरून वर घेऊन पलीकडे सोडलाय.

११०१ : तेच. ढाळ गेलाय. डक्टच्या लाइनला सरळ उतारावर जोडून घ्या, तुमचं गळणं आणि खालचा त्रास दोन्ही जातील.

६०३ : हेच मी सांगत होते.
[फोटो]

७०३ काकू : (संध्याकाळी) बर्फ गेला, फिल्टर धुतला. इतका मळ निघाला की बघवेना. हवा छान गार येतेय, यांना आत्ता झोप लागलीय. टिपटिप मात्र थोडी आहे. दादा, खूप आभार.

११०१ : टिपटिप पाइपची. इथून पुढे उन्हाळाभर दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुवा. स्वच्छ फिल्टर असूनही बर्फ धरला, तरच गॅसचं बघू. तेव्हा माणसाला सांधे साबणाच्या फेसाने तपासायला लावा. खाडीच्या खाऱ्या हवेत कॉइललाही बारीक छिद्रं पडतात. आणि गॅस अंदाजाने नाही, वजनाने भरायचा. आउटडोरच्या पाटीवर आकडा असतो.

७०३ काकू : उद्या प्लंबरला बोलावते.

६०३ : तो आला की मला फोन करा, मी वर येते. आणि ग्रिलच्या रंगाचं काय ठरलं?