अख्ख्या घराचा एअर प्युरिफायर घ्यावा का?

जर्सीकर: मंडळी, न्यू जर्सीत घर आहे, सेंट्रल एसी-हीटिंग डक्टवालं. जून २०२३ ला कॅनडातल्या वणव्यांचा धूर आला होता तेव्हापासून बायको मागे लागलीये की अख्ख्या घराला प्युरिफायर बसवू. एसीवाला म्हणतो डक्टमध्ये आयनायझर (हवेतल्या कणांना विद्युतभार देणारं यंत्र) टाका, फिल्टर बदलायची कटकट नाही. मुलाला दमा आहे. काय करू?

खटपट्या: आयनायझरच्या भानगडीत पडू नका राव, काही मशीन ओझोन सोडतात आणि दम्याला तोच वाईट. आधी फर्नेसजवळचा (घर तापवणाऱ्या मशीनजवळचा) फिल्टर ओढून बघा, कडेला मर्व्ह नंबर छापलेला असतो, म्हणजे फिल्टर किती बारीक कण पकडतो त्याचा आकडा, जितका मोठा तितका चांगला. १३ चा लावला की धुराचे बारीक कण बऱ्यापैकी अडकतात पण एक इंची जागेत १३ कोंबला तर हवा ढकलणाऱ्या ब्लोअरला दम लागू शकतो म्हणून चार इंची फिल्टरची पेटी बसवून घ्या आणि हो थर्मोस्टॅटवर त्या ब्लोअरचा पंखा ऑटोवर नको, ऑनवर ठेवा, नाहीतर एसी बंद झाला की हवा फिरतच नाही मग गाळणार काय कप्पाळ

एडिसनची_ताई: +१. पण मुलाच्या खोलीत वेगळा हेपा (अगदी बारीक कण अडकवणाऱ्या फिल्टरचा प्युरिफायर) ठेवाच. एरवी खोलीच्या चौरस फुटांच्या दोन तृतीयांश सीएडीआर (मशीन मिनिटाला किती घनफूट स्वच्छ हवा देतं तो आकडा) पुरतो, १५० ला १००. धुराच्या दिवसांत मात्र जेवढे चौरस फूट तेवढा सीएडीआर पाहिजे.

जर्सीकर: आत्ताच काढून बघितला, ८ चा आहे आणि वर काळा थर!! हेपाने वास पण जातो का?

खटपट्या: नाही, वासाला ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो, तोही भरपूर, जाळीवर नावाला भुरभुरवलेला नाही.