मदत हवी आहे: नव्या प्रजातीचा पहिला प्राणी जोडीदार कुठून आणतो?

शंकासुर
घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३ आणि ते वांझ. इथपर्यंत कळलं. पण दोघांचा पूर्वज एकच, म्हणजे मधे कुणाची तरी संख्या बदललीच असणार. त्या पहिल्या बदललेल्या प्राण्याची पिल्लं खेचरासारखी वांझ कशी नाही निघाली? 'हळूहळू होतं' हे उत्तर नको. ६४ आणि ६३ च्या मधे हळूहळू काय असतं?

गुणसूत्र
नुसत्या संख्येने वांझपण येत नाही. प्रझेवाल्स्की घोड्याची (मंगोलियातला रानघोडा) गुणसूत्रे ६६, पाळीव घोड्याची ६४, त्यांच्या संकराची ६५. आणि या संकराला पिल्लं होतात. एकाकडे सुटी असलेली दोन गुणसूत्रे दुसऱ्याकडे जोडलेली आहेत, एवढाच मुख्य फरक. युग्मके (शुक्रपेशी, अंडपेशी) तयार होताना ते जोडलेलं गुणसूत्र दोन्ही सुट्यांशी तिघांचा गट करून जुळतं. थोडी युग्मके बिघडतात, बाकीची चालतात. त्यामुळे असा एखादा बदल कळपात टिकू शकतो, आणि पुढे दोन वाहकांची जोडी जमली की काही पिल्लांत तो आई-बाप दोघांकडून येतो.

खेचरात असे फेरफार एकदोन नाहीत, पुष्कळ साचलेले असतात. तिथे जुळणीच कोलमडते.

रानवाटा
जनुकांच्या पातळीवरही तसंच आहे. कागदावर मांडून बघा. क आणि ख ही दोन जनुके, प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणून पूर्वज ककखख. समूह दोन भागांत तुटला. एकात क बदलून च झाला, सगळे चचखख. दुसऱ्यात ख बदलून ट झाला, सगळे ककटट. च हा ख सोबत पारखला गेलाय, ट हा क सोबत. पण च आणि ट एका शरीरात कधी आलेच नव्हते. ते पहिल्यांदा संकरातच भेटतात, आणि पटलं नाही तर संकर मरतो किंवा वांझ होतो. या सगळ्यात स्वतःच्या समूहात कुणीही, एका पिढीतही, वांझ नव्हता. डॉब्झान्स्की आणि मुलर या जनुकशास्त्रज्ञांची ही मांडणी आहे. तुमचा 'पहिला प्राणी' इथे सापडतच नाही, कारण प्रजाती समूहाची होते.

संकरात वांझपण आधी कुणाला येतं यालाही नियम आहे (जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन, १९२२): ज्या लिंगात दोन लिंगगुणसूत्रे वेगवेगळी, त्याला. सस्तन प्राण्यांत नर, पक्ष्यांत मादी. अपवाद आहेत, पण थोडे.

शंकासुर
च-ट मुळे डोक्यात उजेड पडला. पण वनस्पतींत एका पिढीत नवी प्रजाती होते म्हणतात, तिथे तर 'पहिलं झाड' असणारच ना?

केशर
असतं, आणि तुमची शंका तिथे शंभर टक्के लागू पडते. दोन प्रजातींच्या संकरात गुणसूत्रांना जोडीदार नसतात, म्हणून तो वांझ. गुणसूत्रांचे संच दुप्पट झाले की प्रत्येकाला जोडीदार मिळतो. पण हे चार संचांचं झाड शेजारच्या दोन संचांच्या झाडाशी फळलं तर संततीत तीन संच, आणि ती बहुतेक वांझ. आजूबाजूला सगळे दोन संचवालेच, म्हणजे बरंचसं बी वाया. अशी बहुतेक झाडं याच कारणाने नामशेष होतात.

टिकतात ती सहसा स्वपरागणावर किंवा कंद, धुमारे यांवर. ट्रॅगोपोगॉन या रानफुलाचं उदाहरण बघा. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या तीन प्रजाती, प्रत्येकीची गुणसूत्रे १२. वॉशिंग्टन-आयडाहो भागात त्यांच्या संकरांतून २४ गुणसूत्रांच्या दोन नव्या प्रजाती झाल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ ओनबी यांनी १९५० मध्ये त्यांची नोंद केली. स्वतःच्याच परागाने त्यांना बी धरतं. शिवाय त्या एकदाच नाही, वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा तयार झाल्यात. म्हणजे पहिलं झाड मेलं तरी दुसरं येतच होतं.