मदत हवी आहे: वेल्स १९९९, पण पसंतीक्रमाने मतदान

वेल्श असेंब्लीची १९९९ ची पहिली निवडणूक आपल्या राज्यसभेसारखी, एकल संक्रमणीय मताने (मतदार उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम देतो आणि जादा मतं पुढच्या पसंतीकडे जातात) झाली असती तर? असा काल्पनिक निकाल मांडतोय. खरा निकाल: लेबर २८, प्लाइड कम्री (वेल्श राष्ट्रवादी पक्ष) १७, काँझर्व्हेटिव्ह ९, लिबरल डेमोक्रॅट ६. पाच प्रादेशिक विभाग आणि ६० जागा तशाच ठेवल्यात. तेव्हा प्रत्येकाला दोन मतं होती: एक मतदारसंघातल्या उमेदवाराला, एक विभागातल्या पक्षाच्या यादीला. पहिली पसंती म्हणून यादीची मतं एक्सेलमध्ये भरली, कोटाही (निवडून यायला लागणारी मतं) काढला. घोडं अडलंय दुसऱ्या पसंतीवर. लेबरची जादा मतं सगळ्यांत सारखी वाटली, तर ऱ्होंडा या कोळसा खाणींच्या भागातला जुना खाणकामगार टोरींना (काँझर्व्हेटिव्हना) पसंती देताना दिसतो! प्रोग्रामिंग येत नाही. मतदारसंघ आणि यादी यांतल्या मतांच्या फरकावरून हस्तांतराचं प्रमाण धरता येईल, की हीच पद्धत वापरणाऱ्या आयर्लंडचे आकडे घ्यावेत?