शेवटच्या चढाईत चुकलेल्या पोराला जिम स्टाइन्सची गोष्ट सांगायची आहे, जाणकारांनी मदत करावी

आर्णीचे_मास्तर

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या एका गावात शिक्षक आहे. शाळा सुटल्यावर पोट्ट्यांची कबड्डी घेतो, एकोणीस वर्षं झाली.

दिवाळीनंतर जवळच्या गावात रात्रीचे सामने होते. उपांत्य फेरी, आम्ही एका गुणानं पुढं, शेवटची चढाई. समोरचा चढाईपटू रिकाम्या हातानं परत निघाला होता. त्याला जाऊ दिलं असतं तरी आम्ही जिंकलो होतो. पण माझ्या डाव्या कोपऱ्यावरच्या पोरानं झेप घेऊन त्याचा घोटा धरला, मदतीला शेजारचा कव्हर आला, आणि त्या गड्यानं दोघांना ओढत मध्यरेषेला बोटं टेकवली. दोन गुण गेले, सामना गेला.

येताना ट्रॉलीत आपल्याच गावच्या लोकांनी पोराला घर येईपर्यंत बोल लावले. मी मोटरसायकलवर पुढं निघून आलो होतो, मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी त्या ट्रॉलीत बसायला पाहिजे होतं.

तेव्हापासून तो मैदानावर फिरकला नाही. आईसोबत कापूस वेचायला जातो. परवा धुऱ्यावर गाठलं तर ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा करत राहिला, मान वर केली नाही. बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबाडलेली. सतरा वर्षांचा आहे.

भाच्यानं एक जुना व्हिडिओ पाठवला. ऑस्ट्रेलियातला लांबट चेंडूचा फुटबॉल. एक उंच गडी उगाच आडवा धावतो आणि संघ हरतो. नाव जिम स्टाइन्स. म्हणे पुढं हाच मोठा खेळाडू झाला. हे खरं आहे का? नेमकी चूक काय होती? पोराला अर्धवट किंवा फुगवलेलं काही सांगायचं नाही, तो लगेच ओळखतो.

पुसदचा_मेलबर्नमध्ये

मास्तर, नमस्कार. खरं आहे, आणि तुम्हाला वाटतं त्याहून जास्त खरं आहे. सविस्तर लिहितो.

स्टाइन्स इथला नव्हता. आयर्लंडमधल्या डब्लिनचा, गेलिक फुटबॉल खेळणारा. तो खेळ गोल चेंडूचा. मेलबर्न क्लबनं तिथं जाहिरात दिली होती, त्यातून १९८४ मध्ये अठराव्या वर्षी तो इकडे आला. इथला चेंडू लंबगोल, जमिनीवर आपटला की कुठं उडेल याचा भरवसा नाही. आणि पळताना दर १५ मीटरला तो आपटून परत हातात घ्यावाच लागतो. एवढं सगळं शून्यापासून शिकून १९८७ मध्ये तो मुख्य संघात आला. म्हणजे व्हिडिओतलं ते त्याचं पहिलंच वर्ष.

मैदान क्रिकेटचंच असतं, दोन्हीकडे १८-१८ गडी. दोन्ही टोकांना चार-चार खांब: मधल्या दोघांतून मारलं तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेलं तर १. तुमच्यासारखाच उपांत्य सामना, मेलबर्न विरुद्ध हॉथॉर्न. मेलबर्न १९६४ नंतर अंतिम सामन्यात पोचलंच नव्हतं आणि इथं ४ गुणांनी पुढं होतं. हॉथॉर्नच्या गॅरी बकनाराला फ्री किक मिळाली. वेळ संपल्याचा भोंगा वाजला तरी ती किक घेता येते. अंतर पन्नासएक मीटर, जमेलच असं नव्हतं. तेवढ्यात स्टाइन्स एका मोकळ्या गड्याला गाठायला धावला आणि किक मारणारा व त्याच्यासमोर उभा असलेला मेलबर्नचा गडी, या दोघांच्या मधून गेला. तिथून जाता येत नाही. पंचांनी बकनाराला १५ मीटर पुढं आणलं. त्यानं गोल मारला, हॉथॉर्न २ गुणांनी जिंकलं. पुढच्याच वर्षापासून ही शिक्षा ५० मीटरची झाली.

पोराला हे नीट दाखवा: तो आळसानं चुकला नाही. गडी मोकळा दिसला म्हणून धावला. तुमच्या डाव्या कोपऱ्यानंही पाय दिसला म्हणूनच धरला ना?

आता पुढचं. १९८७ ते १९९८ त्यानं सलग २४४ सामने खेळले, एकही न चुकवता. हा विक्रम आहे. तो रकमन होता, म्हणजे पंचानं चेंडू वर उडवला की उडी मारून तो आपल्या गड्याकडे ढकलणारा. दर वेळी समोरच्याचा गुडघा छाती-बरगडीत बसतो. त्या जागेवर अकरा वर्षं एकही सामना न चुकवणं म्हणजे काय, ते कबड्डीवाल्याला सांगायला नको. १९९१ मध्ये ब्राउनलो पदक मिळालं, हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला पंच मतं देऊन निवडतात ते.

पण हेही सांगा, नाहीतर गोष्ट अर्धी राहील: अजिंक्यपद त्याला कधीच मिळालं नाही. १९८८ मध्ये अंतिम सामना गाठला, त्यात त्याच हॉथॉर्ननं ९६ गुणांनी हरवलं. खेळत असतानाच, १९९४ मध्ये, त्यानं तरुण मुलांसाठी रीच नावाची संस्था एका मित्रासोबत उभी केली. २००८ मध्ये कर्जात बुडालेल्या आपल्याच क्लबचा अध्यक्ष झाला आणि कॅन्सरवर उपचार चालू असताना कर्ज फेडून दाखवलं. २०१२ मध्ये गेला, ४५ वर्षांचा होता. मेलबर्ननं अजिंक्यपद जिंकलं ते २०२१ मध्ये.

मेलबर्न क्रिकेट ग्राउंडच्या बाहेर त्याचा पुतळा आहे. मी मुलीला घेऊन सामन्याला जातो तेव्हा आधी तिथं थांबतो.

डावा_कोपरा_राळेगाव

मास्तर, म्या बारा वर्सं डाव्या कोपऱ्यात खेळलो, म्हणून सांगतो. त्याले समजावू नका. समजावलं का पोरगं अजून मिटते. त्याले मैदानावर काम द्या. फक्की मारायले बोलवा, लहान पोट्ट्यायले घोटा कसा धराचा ते शिकवायले लावा. पकड तर त्याची चांगलीच होती ना? घोटा सुटला नाही त्याच्या हातचा. वेळ चुकली. हे दोन वेगळे धडे हायेत अन् ते त्याले वेगळे करून सांगा.

अन् ट्रॉलीतल्या लोकायले तुम्हीच बोला. तेही तुमचंच काम हाय.

भरती_२०२६

सर, मी पोलीस भरतीची तयारी करतो, कबड्डीपण खेळतो. त्या खेळात बाहेरच्या देशातला माणूस अजूनही जाऊ शकतो का?

पुसदचा_मेलबर्नमध्ये

जाऊ शकतो, पण सरळ वाट नाही. एरवी खेळाडू वार्षिक ड्राफ्टमधून येतात. अठराच्या आसपासची पोरं असतात, क्लब आळीपाळीनं निवडतात आणि तळाच्या क्लबचा नंबर आधी. दुसऱ्या खेळातून आलेल्यांसाठी नवोदितांच्या यादीत वेगळी जागा असते. टेक्सासचा मेसन कॉक्स बास्केटबॉल खेळायचा, २११ सेंटिमीटर उंच. २०१६ मध्ये कॉलिंगवूड क्लबकडून पहिल्या सामन्यात पहिल्याच किकवर गोल मारला आणि २०२३ मध्ये अजिंक्यपद जिंकलं.

पण भावा, दर वर्षी क्लब कित्येक पोरांना यादीतून काढतात. डोक्याला मार लागणं ही तर मोठी काळजी. मेलबर्नचा अँगस ब्रेशॉ अजिंक्य संघात होता, २०२४ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्याला २८ व्या वर्षी थांबावं लागलं. तुझा १६०० मीटरचा सराव सोडू नकोस.

आर्णीचे_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. राळेगावच्या भाऊंनी सांगितलं तसंच केलं. ट्रॉलीतल्या चौघांच्या घरी जाऊन बोललो. दोघांनी ऐकून घेतलं, एकानं चहा दिला पण विषय बदलला, एकानं दारातूनच परत पाठवलं.

मग शनिवारी पोराला फक्कीची पाटी घेऊन बोलावलं. आला. मध्यरेषा मारून झाल्यावर तिथंच उकिडवे बसून त्याला व्हिडिओ दाखवला आणि तुम्ही लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं, ९६ गुणांचंही. तो काही बोलला नाही. व्हिडिओ तीनदा पाहिला. मग विचारलं, “सर, हा शेवटचाच मिनिट आहे. त्याच्या आधी तो कसा खेळला होता?”

पुसदकर, त्या सामन्याचा पूर्ण व्हिडिओ कुठं मिळाला तर कृपया पाठवा. गावात नेट कमी आहे, मी आर्णीला जाऊन डाउनलोड करून आणीन.